सव्वीस मुले, तीन शिक्षक आणि फ्रान्सची सहल

प्रश्न : मी पुण्यातील एका शाळेत फ्रेंच शिकवते. नववीची परीक्षा झालेल्या सव्वीस विद्यार्थ्यांना मे महिन्यात फ्रान्सला नेण्याचे शाळेने ठरवले असून सहलप्रमुख म्हणून माझे नाव पुढे आले आहे. सोबत दोन सहकारी शिक्षक असतील. सहल कंपनीने नऊ दिवसांचा आराखडा दिला आहे : पॅरिसला तीन रात्री, स्वित्झर्लंडमध्ये ल्यूसर्नला दोन, मग नीसला दोन आणि तिथूनच मोनॅको. अर्ध्या पालकांना मूल क्षणभरही नजरेआड झालेले नको आहे. त्यांनी फोनवर सतत लाइव्ह लोकेशन मागितले आहे. मुलांना मात्र पॅरिसमध्ये आपापले फिरायचे आहे. त्यातल्या एका मुलाचे आणि मुलीचे सूत जमले असल्याचे सगळ्या वर्गाला ठाऊक आहे. रात्री खोल्यांच्या दारांना बाहेरून चिकटपट्टी लावून ठेवावी, असे एका सहकाऱ्याने सुचवले आहे. मी स्वतः फ्रान्स पाहिलेला नाही. मुख्याध्यापिका म्हणतात, भीती वाटत असेल तर आताच नाही म्हणा. मी किती कडक राहावे, आणि मुळात हो म्हणावे का?

उत्तर : आपले पत्र आणि त्यासोबत जोडलेला आराखडा मी दोनदा वाचला. कडक राहावे की मोकळीक द्यावी, असा प्रश्न आपण विचारला आहे. माझ्या मते तो प्रश्न आराखड्यातून निर्माण झाला आहे आणि त्याचे निम्मे उत्तरही तिथेच आहे. उरलेले निम्मे उत्तर पॅरिसमध्ये उभे राहून नव्हे, तर पुण्यात, पालकांच्या आणि मुलांच्या समोर बसून ठरवायचे आहे.

प्रथम आराखडा. पॅरिसहून ल्यूसर्न आणि ल्यूसर्नहून नीस हे दोन्ही प्रवास बसने दाखवले आहेत, म्हणजे नऊपैकी दोन दिवस जवळजवळ संपूर्णपणे रस्त्यावर जाणार. युरोपीय नियमांप्रमाणे बसचालकाने साडेचार तास गाडी चालवली की त्याला पंचेचाळीस मिनिटांची विश्रांती घ्यावीच लागते, त्यामुळे कंपनीने लिहिलेल्या वेळा कागदावरच राहतील. रात्री नऊला हॉटेलात पोचलेली, दिवसभर बसून अंग आंबलेली पंधरा वर्षांची मुले झोपत नाहीत. दिवसभर साठलेली सगळी शक्ती ती रात्री अकरानंतर खर्च करतात, आणि ज्या प्रसंगांची आपल्याला धास्ती वाटते ते बहुतेक अशाच रात्री घडतात. आणखी एक गोष्ट आपल्या नजरेतून सुटली असावी : या आराखड्यात लूव्र संग्रहालय मंगळवारी दाखवले आहे. लूव्र मंगळवारी बंद असते. ओर्से संग्रहालय आणि व्हर्सायचा राजवाडा सोमवारी बंद असतात, आणि १ मे रोजी ही तिन्ही ठिकाणे बंद असतात. ज्या कंपनीला हे ठाऊक नाही किंवा जिने ते तपासले नाही, तिने पुढे काय काय तपासलेले नसेल याचा विचार करून प्रत्येक आरक्षणाची लेखी प्रत मागा.

स्वित्झर्लंड, नीस आणि मोनॅको काढून टाकावेत, असे मी स्पष्टपणे सुचवतो. सहल फ्रेंच शिकणाऱ्या मुलांची आहे आणि ल्यूसर्नमध्ये लोक जर्मन बोलतात. पॅरिसला पाच रात्री आणि लीलला दोन रात्री एवढाच मुक्काम ठेवा. लील उत्तरेला आहे. पॅरिसच्या गार द्यु नॉर स्थानकावरून वेगवान टीजीव्ही रेल्वेने तिथे सुमारे तासाभरात पोचता येते, शहराचा जुना भाग पायी फिरण्याजोगा आहे, आणि तिथून बसने नव शापेल या गावाजवळ जाता येते. पुण्याच्या मुलांनी तिथे का जावे, याचे कारण खडकीत आहे. पहिल्या महायुद्धात २८ ऑक्टोबर १९१४ रोजी या गावासाठी झालेल्या लढाईत, आज बॉम्बे सॅपर्स म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खडकीच्या लष्करी अभियंत्यांच्या पलटणीच्या दोन कंपन्यांना, म्हणजे तुकड्यांना, ४७व्या शीख पलटणीबरोबर पायदळासारखे लढवण्यात आले आणि त्यांची अतोनात हानी झाली. तिथल्या भारतीय स्मारकाचे अनावरण १९२७ साली झाले. वर्तुळाकार भिंत, मधोमध स्तंभ आणि त्याच्या दोन बाजूंना दगडी वाघ अशी त्याची रचना असून साडेचार हजारांहून अधिक भारतीय सैनिकांची नावे त्यावर कोरलेली आहेत. मुलांना आधी खडकीचा परिसर दाखवून, या कंपन्यांविषयी वाचून घेऊन मग तिथे नेलेत, तर त्या भिंतीपुढे त्यांना गप्प बसवावे लागणार नाही.

आराखड्यातले डिस्नेलँड मात्र राहू द्या. ते काढून टाकावे असे आपल्या मनात असल्याचे पत्रातून जाणवते, परंतु ज्या मुलांकडून आपण चार दिवस संग्रहालयांत शिस्तीची अपेक्षा करणार, त्यांना एक दिवस मनसोक्त ओरडायला मिळायला हवे.

आता मोकळिकीचा मुद्दा. ‘मुले एकटी फिरणार की नाही’ असा प्रश्न पालकसभेत आला तर त्याचे उत्तर हो किंवा नाही असेच मिळेल, आणि दोन्ही उत्तरे चुकीची ठरतील. पंधरा वर्षांच्या मुलाला नऊ दिवस शिक्षकाच्या पाठीमागे रांगेत चालवले, तर तो चौथ्या दिवशी स्वतःहून रांग सोडतो. आणि त्याला पहिल्याच दिवशी शाँझेलिझेच्या गजबजलेल्या रस्त्यावर मोकळे सोडले, तर आपण संध्याकाळभर जीव मुठीत धरून बसतो. म्हणून मोकळीक पायरीपायरीने द्यावी आणि प्रत्येक पायरीची जागा आधीच ठरवलेली असावी. पहिली पायरी लूव्रमध्ये. ते अवाढव्य असले तरी चार भिंतींच्या आत आहे आणि काचेच्या पिरॅमिडखालचे मोठे दालन सगळ्यांना सापडते. तिघातिघांच्या गटांना एक तास द्या, प्रत्येक गटाला शोधण्यासाठी दोन कलाकृती द्या आणि ठरलेल्या वेळी पिरॅमिडखाली हजेरी घ्या. दुसरी पायरी लक्झेंबुर्ग उद्यानात : त्याला चहूबाजूंनी उंच लोखंडी कुंपण आहे, मध्ये पाण्याचे मोठे कुंड आहे, आणि कुंडापाशी एक शिक्षक हिरव्या लोखंडी खुर्चीवर बसून राहिला की मुलांना त्याच्याकडे केव्हाही परतता येते. तिसरी पायरी लीलच्या जुन्या भागात, दुपारी दीड-दोन तास, चौघांच्या गटात आणि नकाशावर आखून दिलेल्या रस्त्यांच्या आत. आधीच्या पायरीवर जो गट वेळेवर आला नाही, त्याला पुढची पायरी मिळत नाही, हा नियम मुलांना निघण्यापूर्वी कळलेला असावा. माँमार्त्र टेकडी, आयफेल मनोऱ्याखालचा परिसर आणि गार द्यु नॉर स्थानक या तीन ठिकाणी मात्र कोणालाही गट सोडता येणार नाही, कारण पाकीटमारांचा सुळसुळाट तिथेच अधिक असतो.

पाकीटमारीविषयी मुलांना भीती घालण्याऐवजी तिची पद्धत सांगा. ती ऐकायला त्यांना आवडते. त्या टेकडीवरच्या साक्रे-कर चर्चच्या पायथ्याशी काही माणसे गोड बोलून मनगटाला रंगीत दोरा बांधू लागतात आणि मग पैसे मागतात. अशा वेळी हात खिशात ठेवून चालत राहायचे. सह्या गोळा करण्याच्या निमित्ताने कागदाची पाटी पुढे करणाऱ्या मुली दिसतात. आपण सही करत असताना पाटीखालून पिशवीत हात जातो. मेट्रोत दाराजवळ उभे राहून फोनवर चित्रफीत पाहणाऱ्याचा फोन, दारे मिटण्याचा इशारा वाजताच हिसकावला जातो. आपली मुले पीएमपी बसच्या गर्दीत वाढलेली आहेत, त्यांना हे पटकन समजेल. फक्त परदेशात आपण सुरक्षित आहोत असा जो एक समज घरातून आलेला असतो, तो उतरवावा लागतो.

मेट्रोसाठी एक नियम पाठ करून घ्या. गट फुटला, काही जण गाडीत आणि काही जण फलाटावर राहिले, तर गाडीतल्यांनी पुढच्या स्थानकावर उतरून तिथेच थांबायचे आणि फलाटावरच्यांनी जागचे हलायचे नाही; शिक्षक त्यांच्याकडे येतील. हा नियम नसला की दोन्ही गट एकमेकांना शोधायला निघतात आणि जमिनीखाली फोन लागेलच असे नाही. हॉटेलचे नाव, पत्ता, जवळचे मेट्रो स्थानक आणि शिक्षकांचे क्रमांक लिहिलेला कागद प्रत्येकाच्या खिशात असावा. फोनमध्ये असून उपयोग नाही, कारण फोनच जाऊ शकतो. प्रवासाचे नाविगो कार्डही प्रत्येकाचे वेगळे लागते. एकाच कार्डावर एकामागून एक चार मुलांना आत सोडता येत नाही, आणि तपासनीस दंड करताना मुलांचे वय पाहत नाहीत.

रेल्वेच्या बाबतीत सव्वीस मुलांच्या गटाला नेमके काय नडते, तेही सांगतो. टीजीव्हीचा फलाट गाडी सुटण्यापूर्वी साधारण वीस मिनिटे आधी फलकावर लागतो आणि दारे सुटण्याच्या दोन मिनिटे आधी मिटतात. दाराला उंच पायऱ्या, आत अरुंद बोळ, आणि प्रत्येकाच्या हातात आईने भरलेली तेवीस किलोची बॅग. अशा वेळी आधी चार धडधाकट मुलांनी आत चढायचे, बाकीच्यांनी खालून बॅगा द्यायच्या आणि सर्वांत शेवटी शिक्षकाने चढायचे, ही रीत पुणे स्थानकावर एकदा करून पाहा. त्याहून चांगले म्हणजे, बॅग ज्याची त्याला एका हाताने उचलता आली पाहिजे, अशी अट घाला.

सूत जमलेल्या त्या दोघांविषयी आपण लिहिले आहे. मी थोडक्यात लिहितो, कारण त्यांच्यासाठी वेगळा नियम करण्याची गरज मला दिसत नाही. रात्री दहानंतर कोणीही दुसऱ्याच्या खोलीत जायचे नाही, गप्पा मारायच्या असतील तर साडेदहापर्यंत खालच्या दालनात शिक्षकांसमोर बसून माराव्यात, हा नियम सगळ्यांना सारखा लावा. दिवसाचे गट आपण करणार असल्यामुळे ते दोघे वेगवेगळ्या गटांत राहतील एवढे पाहा आणि त्याची वाच्यता करू नका. चिकटपट्टीचा उपाय मला मान्य नाही. ती सकाळी फाटलेली दिसली, तर जे व्हायचे ते झाले एवढेच कळते; आणि न फाटता राहिली, तरी शिक्षकांचा आपल्यावर विश्वास नाही हे मुलांना सातही रात्री कळत राहते. त्याऐवजी सगळ्या खोल्या एकाच मजल्यावर मागा आणि जिना व लिफ्ट यांच्या लगतच्या खोल्या शिक्षकांना घ्या. मुलींच्या खोल्यांकडे शिक्षिकाच जाईल, आणि कोणत्याही प्रौढाने एकट्या विद्यार्थ्याबरोबर बंद दारामागे बसायचे नाही. हा नियम गाइड आणि कंपनीच्या व्यवस्थापकालाही लागू आहे, हे त्यांच्याकडून लिहून घ्या.

मे महिन्यात पॅरिसमध्ये रात्री नऊनंतरही उजेड असतो, त्यामुळे मुलांना ‘आता झोपा’ म्हटलेले पटत नाही. घड्याळ भारतापेक्षा साडेतीन तास मागे असल्यामुळे पहिले दोन दिवस ती पहाटे चारला टक्क जागी होतील आणि संध्याकाळी सातलाच पेंगू लागतील. शिवाय ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन, म्हणजे फ्रान्ससह सामायिक व्हिसा असलेल्या युरोपीय देशांच्या, सीमेवर बोटांचे ठसे आणि छायाचित्र घेण्याची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने आली आहे, त्यामुळे विमानतळावर किती वेळ मोडेल हे सांगता येत नाही. पहिल्या दिवशी हॉटेल, आंघोळ, जवळच फेरफटका आणि लवकर जेवण, याखेरीज काहीही ठेवू नका.

शिक्षेबाबत एक सावधगिरी घ्या. ‘दारू किंवा सिगारेट सापडली तर लगेच घरी पाठवू’ असे वाक्य शाळेच्या मसुद्यात आहे. शाळेने अल्पवयीन मुलाला एकटे विमानात बसवणे योग्य नाही, म्हणजे एका शिक्षकाला परतावे लागेल आणि उरलेल्या पंचवीस मुलांपाशी दोघेच राहतील. हे मुलांच्या लक्षात यायला एक संध्याकाळ पुरते. जे करता येणार नाही त्याची धमकी देऊ नये. फ्रान्समध्येही अठरा वर्षांखालील मुलांना दारू आणि तंबाखू विकण्यास मनाई आहे, हे आधी सांगा, आणि नियम मोडणाऱ्याची मोकळीक उरलेल्या सर्व दिवसांसाठी रद्द, दिवसभर शिक्षकासोबत चालायचे, आणि पालकांना फोन त्याच्या समोर, एवढी शिक्षा लिहा. ती आपल्याला खरोखर अमलात आणता येईल.

पालकांच्या लाइव्ह लोकेशनच्या मागणीला नम्रपणे नकार द्या. सव्वीस घरांत बावन्न माणसे एक निळा ठिपका पाहत बसतील, तो बोगद्यात शिरून थांबला की आपला फोन वाजू लागेल आणि नेमक्या त्याच वेळी आपण रस्ता ओलांडणाऱ्या मुलांकडे पाहत नसाल. त्याऐवजी एकतर्फी संदेशाचा गट ठेवा. रोज सकाळी तिथल्या आठ वाजता, म्हणजे आपल्याकडे साडेअकराला, ‘सर्व सव्वीस मुलांची न्याहारी झाली, आज अमुक ठिकाणी जाणार’ असा संदेश आणि संध्याकाळी एक छायाचित्र पुरे आहे. तातडीच्या प्रसंगासाठी पुण्यात एक सहकारी नेमा. पालकांचे फोन त्यांच्याकडे जातील.

जेवणाविषयी प्रत्येक घराला लेखी विचारा : शाकाहारी म्हणजे अंडे चालते का, जैन आहे का, कशाची ॲलर्जी आहे. फ्रान्समध्ये सूप पुष्कळदा मांसाच्या रसात केलेले असते, पुष्कळ चीज वासराच्या जठरातील द्रव्याने विरजलेले असते आणि चघळायच्या गोळ्यांत बहुधा प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेले जिलेटिन असते. कोणाला किती पाळायचे आहे ते त्या घराने ठरवायचे आहे, परंतु माहिती आपण आधी द्यायला हवी. उपाहारगृहांची स्वयंपाकघरे दुपारी अडीचनंतर बहुधा बंद होतात आणि सातच्या पुढे उघडतात, त्यामुळे दुपारचे जेवण लांबवू नका. घरून चकली, शेव, भाजके पोहे आणि खाकरे न्यावेत. पेढे, बर्फी आणि तुपाची बरणी मात्र नकोत, कारण दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात बाहेरून नेण्यास प्रवाशांना मनाई आहे.

कागदपत्रांपैकी दोन गोष्टी कंपनी सांगणार नाही, म्हणून लिहितो. शेंगेन व्हिसाच्या नियमांत, शिक्षण किंवा शैक्षणिक प्रशिक्षणासाठी जाणारे शालेय विद्यार्थी आणि सोबतचे शिक्षक यांना व्हिसाशुल्क माफ करण्याची तरतूद आहे; अर्ज केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. सहलीत एखाद्या फ्रेंच शाळेची भेट आणि त्या शाळेचे निमंत्रणपत्र असेल, तर ही मागणी करायला आधार मिळतो. दुसरे म्हणजे, परदेशी सहलीच्या पॅकेजवर कंपनी जो टीसीएस, म्हणजे पैसे घेतानाच वसूल केलेला प्राप्तिकर, गोळा करते, तो ज्याच्या पॅनवर भरला जातो त्यालाच विवरणपत्रात परत मागता येतो. सगळ्यांचे पैसे शाळेच्या खात्यातून एकरकमी गेले, तर पालकांचा हा दावा अडचणीत येतो. पैसे प्रत्येक पालकाने आपल्या नावाने भरावेत. बाकी दोन्ही पालकांची संमतिपत्रे, किमान तीस हजार युरोचा प्रवासी वैद्यकीय विमा, आणि अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, हे आपल्याला ठाऊक असेलच. बोटांचे ठसे देण्यासाठी प्रत्येक मुलाला स्वतः केंद्रात जावे लागेल.

आपण फ्रान्स पाहिलेला नाही, हे मुलांना निघण्यापूर्वी सरळ सांगा. ते लपवलेत तर पहिल्याच चुकलेल्या वळणावर ते उघडे पडेल. आपल्या फ्रेंचची परीक्षा होणार ही धाकधूक मी समजू शकतो, परंतु तिकीटखिडकीवर किंवा पावाच्या दुकानात आपण बोलायचेच नाही. दुकानात शिरताना ‘बाँझूर’ म्हणायचे, ते म्हटल्याशिवाय काही मागायचे नाही, आणि पुढचे सगळे मुलांनी बोलायचे. फ्रेंच शाळेची भेट जमली तर तिथे या वयाची मुले सापडतील. भेटीची सोय कशी होईल, याबद्दल आलियाँस फ्राँसेज द पुणे येथे विचारून पाहा. जेवण तिथल्या कँटीनमध्ये ठेवणार असाल तर आठवड्यातला शाकाहारी दिवस निवडा; नोव्हेंबर २०१९ पासून फ्रेंच शाळांना असा एक दिवस ठेवावा लागतो.

मुख्याध्यापिकांच्या प्रश्नाचे उत्तर भीती वाटते की नाही यावर अवलंबून ठेवू नका. हिशेब असा मांडा : एक मूल आजारी पडले की एक शिक्षक त्याच्याबरोबर रुग्णालयात जाणार, त्याच दिवशी कोणाचा पासपोर्ट हरवला की दुसरा शिक्षक पोलीस चौकीत आणि तिथून पॅरिसच्या सोळाव्या आरोंदिसमाँमधल्या, म्हणजे प्रभागातल्या, भारतीय वकिलातीत जाणार, आणि चोवीस मुलांपाशी एकच प्रौढ उरणार. त्यामुळे चौथा प्रौढ हवाच, आणि तो शाळेचा हवा, कंपनीचा नव्हे. दुसरी अट, आराखडा पॅरिस आणि लील एवढाच. तिसरी, तिथे गेल्यावर एखादे ठिकाण गाळायचे की नाही, याचा अंतिम निर्णय आपला. कंपनीचा व्यवस्थापक किंवा पुण्यातून फोन करणारे पालक तो बदलणार नाहीत. या तीन गोष्टी शाळेच्या पत्रावर लेखी मिळाल्या, तर हो म्हणा आणि व्हिसाच्या तारखा लगेच घ्या. चौथा प्रौढ देता येत नाही असे उत्तर आले, तर नाही म्हणा, आणि कारण म्हणून हाच हिशेब त्यांच्यापुढे ठेवा.